नवे सहकार्य सॉफ्टवेअर संस्थेत रुजवताना: कष्ट आणि लाभाच्या हिशेबापासून सुरुवात

गटसंवाद, सामायिक दस्तऐवज, कामांच्या याद्या आणि व्हिडिओ बैठका एकाच जागी आणणारे सॉफ्टवेअर बसवणे ही आज तांत्रिकदृष्ट्या फारशी अवघड बाब राहिलेली नाही. परवाने घेऊन खाती उघडणे हे थोड्या दिवसांचे काम असते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. काही महिन्यांनी पाहावे तर निम्मे लोक ईमेलवरच असतात, काहींनी आपापले खासगी मेसेजचे गट सोडलेले नसतात, उरलेले नव्या प्रणालीत लिहीत असतात, आणि पूर्वी दोन ठिकाणी शोधावी लागणारी माहिती आता तीन ठिकाणी शोधावी लागते. अशा वेळी ‘लोकांची मानसिकताच बदलत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सोपे असते, पण तो बहुधा चुकीचा असतो.

संगणकशास्त्रज्ञ जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्येच या अपयशाचे एक नेमके कारण मांडले होते. गटासाठी बनवलेली सॉफ्टवेअर फसतात, कारण त्यांच्यामुळे जादा काम एकाच्या वाट्याला येते आणि लाभ दुसऱ्याला मिळतो. त्यांनी घेतलेले बैठकीची वेळ आपोआप ठरवणाऱ्या कॅलेंडरचे उदाहरण आजही लागू पडते. बैठक बोलावणाऱ्या वरिष्ठाचा वेळ वाचतो, मात्र त्यासाठी बाकी सगळ्यांनी आपले कॅलेंडर रोज अद्ययावत ठेवावे लागते, आणि त्यातून त्यांच्या हाती काहीच पडत नाही. पुढील सर्व पायऱ्या याच निरीक्षणाच्या आधारे रचल्या आहेत. ज्याच्यावर कष्ट पडतात, त्यालाच काही प्रमाणात तरी लाभ कसा मिळेल, हे पाहणे म्हणजेच या बदलाचे व्यवस्थापन होय.

पायरी १: काम प्रत्यक्षात कसे चालते ते टिपून काढा

सॉफ्टवेअर निवडण्याआधीच किमान दोन आठवडे या पाहणीसाठी राखून ठेवावेत. कार्यपद्धतीची लिखित पुस्तिका वाचून येथे उपयोग होत नाही, कारण तीत काम कसे चालायला हवे ते लिहिलेले असते. त्याऐवजी नुकतीच पूर्ण झालेली चार-पाच ठोस कामे निवडावीत. ग्राहकाला पाठवलेला प्रस्ताव, एखादी नवी नेमणूक, एखाद्या तक्रारीचे निवारण, अशी कोणतीही चालतील. प्रत्येक कामाचा पहिला मसुदा कुठे तयार झाला, तो कोणाकडे कोणत्या मार्गाने गेला, त्याच्या किती प्रती झाल्या, मंजुरी तोंडी मिळाली की लेखी, आणि अंतिम प्रत आज नेमकी कुठे आहे, याचा माग काढावा. शेवटच्या प्रश्नाला दोन सहकाऱ्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली, तर सॉफ्टवेअर कशासाठी आणायचे याचे उत्तर तिथेच मिळते.

या पाहणीत काही जुन्या सवयी निरर्थक वाटतील. त्या मोडीत काढण्याची घाई करू नये. दहा जणांना ईमेलची प्रत पाठवणारा माणूस पुढे जबाबदारीचा वाद उद्भवल्यास आपल्याजवळ पुरावा असावा, याची तजवीज करत असतो. मसुदा स्वतःच्या संगणकावरच ठेवणाऱ्याला अर्धवट काम वरिष्ठांच्या नजरेस पडू द्यायचे नसते. काही विषयांवर लोक मुद्दाम फोनच करतात, कारण ती बाब लेखी राहू नये असे त्यांना वाटते. पुरावा, आडोसा आणि अनौपचारिकता या तिन्ही गरजा खऱ्या आहेत. नव्या प्रणालीत त्यांना जागा मिळाली नाही, तर त्या आपली जागा प्रणालीबाहेर शोधतात, आणि खासगी मेसेजचे गट पुन्हा डोके वर काढतात.

पायरी २: भूमिकानिहाय ताळेबंद मांडा

एका कागदावर चार रकाने आखावेत: भूमिका, तिच्यावर पडणारे नवे काम, बंद होणारे जुने काम, आणि मिळणारा लाभ. हा तक्ता विभागांनुसार करू नये, भूमिकांनुसारच करावा, कारण एकाच विभागातील प्रमुख, लेखनिक आणि बाहेर फिरून काम करणारा कर्मचारी यांचे हिशेब सर्वस्वी वेगळे असतात.

यातील तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि अनुभव असा की तोच बहुतेक वेळा रिकामा राहतो. समजा, प्रकल्पातील प्रत्येकाने आपल्या कामाची स्थिती नव्या यादीत रोज नोंदवावी असे ठरले. प्रकल्पप्रमुखाला एका दृष्टिक्षेपात सगळे चित्र दिसू लागते. परंतु शुक्रवारचा साप्ताहिक अहवाल आणि सोमवारची आढावा बैठक पूर्वीसारखीच सुरू राहिली, तर तेच काम कर्मचाऱ्यांना तीनदा सांगावे लागते. त्यांनी यादीकडे पाठ फिरवली तर त्यांना दोष देता येत नाही. ज्या दिवशी यादी सुरू होईल त्याच दिवशी साप्ताहिक अहवाल लेखी आदेशाने रद्द झाला पाहिजे, आणि आढावा बैठक यादी समोर उघडून अर्ध्या वेळेत आटोपली पाहिजे. तरच तिसऱ्या रकान्यात काही लिहिता येते.

एखाद्या भूमिकेच्या बाबतीत तिसरा आणि चौथा हे दोन्ही रकाने रिकामे राहिले, तर तीन मार्ग उरतात. ती नोंद दुसऱ्या प्रणालीतून आपोआप घ्यावी, त्या भूमिकेचे दुसरे एखादे काम कमी करावे, किंवा ती अपेक्षाच सोडून द्यावी. तिसरा मार्ग पत्करायला व्यवस्थापन सहसा नाखूश असते, पण न पाळली जाणारी अपेक्षा कागदावर ठेवण्यापेक्षा ती पुसून टाकणे केव्हाही बरे, कारण एक नियम सर्रास मोडला जातो असे दिसले की उरलेल्या नियमांचाही धाक राहत नाही.

या ताळेबंदात मूल्यमापनाची पद्धतही तपासावी लागते. संशोधक वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका मोठ्या सल्लागार संस्थेत लोटस नोट्स हे माहितीच्या देवाणघेवाणीचे सॉफ्टवेअर आणले गेले तेव्हाचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या संस्थेत बढती वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून होती आणि कर्मचाऱ्यांना आपला प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या खात्यावर दाखवावा लागे. सॉफ्टवेअर शिकण्याचा वेळ कोणाच्या खात्यावर टाकायचा, आणि आपले ज्ञान सर्वांसाठी खुले करून स्वतःचे वेगळेपण का गमवायचे, हे दोन प्रश्न अनुत्तरित राहिले. परिणामी ज्ञानाची देवाणघेवाण व्हावी म्हणून आणलेले साधन बऱ्याच अंशी वैयक्तिक उपयोगापुरतेच राहिले. आपल्या संस्थेत इतरांना केलेली मदत मूल्यमापनात कुठेच धरली जात नसेल, तर सामायिक दस्तऐवजांत कोणी मनापासून लिहील ही आशा बाळगू नये.

पायरी ३: कारण कामाच्या भाषेत सांगा, आणि काय बदलणार नाही तेही सांगा

‘डिजिटल परिवर्तनाच्या दिशेने पाऊल’ अशा घोषणेतून कर्मचाऱ्याला काहीही कळत नाही. पहिल्या पायरीत सापडलेली अडचणच त्याला सांगावी: प्रस्तावाच्या पाच प्रती फिरतात आणि ग्राहकाला चुकीची प्रत जाते, म्हणून यापुढे एकच प्रत असेल आणि ती अमुक ठिकाणी असेल. ही माहिती संस्थेच्या प्रमुखांनी एकदा द्यावी, मात्र ‘माझ्या कामात नेमके काय बदलणार’ हे प्रत्येकाला त्याच्या थेट वरिष्ठाकडूनच कळायला हवे.

लोक उघडपणे विचारत नाहीत असा एक प्रश्न आपण होऊन हाताळावा, तो म्हणजे पाळतीचा. नावापुढचा हिरवा ठिपका, संदेश वाचल्याची खूण, कोण किती वाजता आले याच्या नोंदी, हे सर्व पाहून शंका येणे स्वाभाविक आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ या सुविधेत कर्मचाऱ्यांच्या वापराची माहिती नावानिशी दिसत असल्यामुळे २०२० च्या अखेरीस बरीच टीका झाली, आणि त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीने त्यातून व्यक्तींची नावे काढून टाकण्याचे जाहीर केले. संस्थेने अशा वादाची वाट पाहू नये. कोणत्या नोंदी ठेवल्या जातात, त्या कोण पाहू शकतो, त्या मूल्यमापनासाठी वापरल्या जाणार का, आणि खासगी संदेश कोणत्या परिस्थितीत व कोणाच्या परवानगीने उघडले जाऊ शकतात, हे सारे लेखी द्यावे. उत्तर अप्रिय असले तरी स्पष्ट असावे.

पायरी ४: ‘कोणती गोष्ट कुठे’ याचा एकपानी करार करा

नव्या प्रणालीत तीच गोष्ट चार प्रकारे करता येते, आणि गोंधळाचे मूळ बहुतांशी इथेच असते. म्हणून सुरुवातीलाच एका पानावर मावतील एवढेच नियम ठरवावेत. कामाची चर्चा त्या कामाच्या चॅनेलमध्ये, म्हणजे त्या विषयाच्या सामायिक संवादगटात व्हावी, दोघांपुरत्या खासगी संदेशात नव्हे. फाइल जोडून पाठवू नये, सामायिक जागेत ठेवून तिचा दुवा द्यावा. चर्चेतून निघालेला निर्णय वेगळ्या, ठरावीक जागी एका वाक्यात नोंदवावा, कारण संवादाच्या ओघात घेतलेले निर्णय पंधरा दिवसांनी शोधूनही सापडत नाहीत. संस्थेबाहेरील व्यक्तींशी होणारा औपचारिक पत्रव्यवहार ईमेलवरच राहू द्यावा. तातडीच्या प्रसंगी फोन करावा, आणि तातडी म्हणजे काय हेही लिहून ठेवावे.

याच पानावर प्रतिसादाच्या वेळेचा नियम असावा. संदेश क्षणात पोहोचतो म्हणून उत्तरही क्षणात यावे, अशी अपेक्षा कोणी न सांगताच तयार होते आणि दिवसभराची एकाग्रता खाऊन टाकते. चॅनेलमधील संदेशाला त्याच कामकाजाच्या दिवसात उत्तर दिले तरी पुरे, आणि कार्यालयीन वेळेनंतर उत्तराची अपेक्षा नाही, एवढे लिहिले तरी पुष्कळ ताण कमी होतो. अर्थात रात्री अकराला संदेश टाकणारे वरिष्ठच असतील तर या नियमाला अर्थ उरत नाही. त्यांनी संदेश पाठवण्याची वेळ आधी निश्चित करून ठेवण्याची सोय वापरावी.

हा करार आयटी विभागाने एकट्याने लिहू नये. वेगवेगळ्या भूमिकांतील सहा-सात जणांनी एकत्र बसून तो लिहावा, आणि प्रायोगिक टप्प्यानंतर तो बदलला जाईल हे त्यावरच नमूद करावे.

पायरी ५: मांडणी आणि परवानग्या

या भागाविषयी थोडक्यात सांगता येते. चॅनेलच्या नावांची एकच पद्धत ठरवावी, सुरुवातीला मोजकीच चॅनेल उघडावीत, आणि प्रत्येक चॅनेलची जबाबदारी एका नावावर असावी. शक्य असल्यास संस्थेच्या इतर प्रणालींचे लॉगिनच इथेही चालावे, म्हणजे नवा पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही आणि नोकरी सोडणाऱ्याचे खाते एका ठिकाणाहून बंद करता येते. बाहेरच्या पाहुण्या सदस्यांना काय दिसेल, संदेश किती काळ जपले जातील आणि कोणत्या नोंदी कायद्याने ठेवणे भाग आहे, हे सुरुवातीआधी ठरवावे, कारण नंतर ते सुधारणे फार जिकिरीचे ठरते. चाचणी घेताना स्वस्त फोन, मंद इंटरनेट आणि दृष्टिबाधितांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर यांवर प्रणाली चालते का, तसेच लोक ज्या भाषेत प्रत्यक्ष लिहितात त्या भाषेतील मजकूर शोधात सापडतो का, हे अवश्य पाहावे. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात या गोष्टी सहसा दाखवल्या जात नाहीत.

पायरी ६: प्रायोगिक टप्प्यासाठी योग्य गट निवडा

नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात याची मांडणी करताना एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये लोकांचे पाच गट कल्पिले: अगदी पुढे जाणारे अडीच टक्के, लवकर स्वीकारणारे साडेतेरा टक्के, त्यानंतरचे ३४ टक्के, उशिरा येणारे आणखी ३४ टक्के, आणि सर्वांत मागे राहणारे १६ टक्के. प्रायोगिक टप्प्यासाठी स्वेच्छेने नावे मागितली की पहिल्या दोन गटांतील मंडळीच पुढे येतात. ती हौशी असतात, उणिवा स्वतःच दूर करून घेतात आणि अहवाल उत्साहाने लिहितात. त्यांचे यश पाहून पुढचा अंदाज बांधला, तर तो हमखास चुकतो.

दुसरी बाब सहकार्याच्या साधनांना विशेष लागू पडते. एकट्याला उपयोगी पडणारे सॉफ्टवेअर एकेका माणसाने स्वीकारले तरी चालते, पण संवादाच्या माध्यमाचा उपयोग त्यावर इतर किती जण आहेत यावर ठरतो. माहिती प्रणालींच्या अभ्यासक लिन मार्कस यांनी १९८७ मध्ये असे मांडले की अशी माध्यमे पुरेशा संख्येपर्यंत पोहोचली नाहीत तर ती जेमतेम टिकून राहत नाहीत, पार कोसळतात. म्हणून दहा विभागांतून दोन-दोन माणसे निवडण्यात काहीच अर्थ नाही. रोज एकमेकांवर अवलंबून असलेला एक पूर्ण गट घ्यावा, त्यात हौशी आणि साशंक दोन्ही असावेत, त्याचे काम खरे असावे, आणि सहा ते आठ आठवडे ते काम फक्त नव्या प्रणालीतच व्हावे. पहिले दोन-तीन आठवडे कामाचा वेग मंदावेल हे गृहीत धरून त्या काळात मुदतींचा दबाव ठेवू नये.

टप्पा संपल्यावर गटाला एकच प्रश्न विचारावा: उद्या हे बंद केले तर तुमची काय अडचण होईल? ठोस उत्तर मिळाले नाही, तर विस्तार थांबवून दुसऱ्या पायरीतील ताळेबंद पुन्हा उघडावा.

पायरी ७: मधल्या फळीतील व्यवस्थापकांशी स्वतंत्रपणे बोला

बहुतेक योजनांमध्ये शिखरावरील नेतृत्वाचा पाठिंबा आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या दोन गोष्टी असतात, पण मधली फळी गृहीत धरलेली असते. वास्तविक या बदलात सर्वाधिक गमावणारी तीच असते. माहिती वर नेणे आणि आदेश खाली पोहोचवणे यात त्यांच्या पदाचा मोठा भाग सामावलेला असतो, आणि खुल्या चॅनेलमध्ये ती माहिती सर्वांना एकाच वेळी दिसू लागते. याच मार्कस यांनी १९८३ मधील एका लेखात असे प्रतिपादन केले होते की माहिती प्रणालींना होणारा विरोध केवळ माणसाच्या स्वभावातून किंवा प्रणालीच्या दोषातून समजत नाही, तर त्या प्रणालीमुळे सत्तेची जी फेरवाटणी होते तिच्यातून समजतो. त्यामुळे व्यवस्थापक ‘माझ्या लोकांना हे जमणार नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो नेहमी लोकांविषयीच बोलत असतो असे नाही.

अशा वेळी प्रशिक्षणाची आणखी एक फेरी घेऊन काही साधत नाही. त्यांना नवी भूमिका काय असेल ते सांगावे लागते: निरोप्याचे काम कमी होऊन अडलेली कामे मोकळी करणे, प्राधान्य ठरवणे आणि नव्या लोकांना घडवणे यांसाठी वेळ मिळेल, आणि त्यांचे मूल्यमापनही त्यावर होईल. यातील दुसरा भाग खरा नसेल तर पहिला भागही बोलू नये.

त्यांच्याकडून मागण्यासारखी वागणूक एकच, पण कठोरपणे मागावी. कर्मचाऱ्याने ईमेलवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ईमेलवर देऊ नये. प्रश्न संबंधित चॅनेलमध्ये मांडावा, तिथेच उत्तर द्यावे आणि विचारणाऱ्याला दुवा पाठवावा. वरिष्ठ जिथे उत्तर देतात तिथे लोक प्रश्न विचारतात. परिपत्रकांपेक्षा या एका सवयीचा परिणाम कितीतरी अधिक होतो.

पायरी ८: प्रशिक्षण थोडे, पण कामाच्या जागी

सर्व बटणे दाखवणारे दिवसभराचे सत्र टाळावे. भूमिकेनुसार अर्ध्या-पाऊण तासाची सत्रे घ्यावीत, त्यात प्रत्येकाने आपले आजचेच एखादे खरे काम नव्या प्रणालीत करावे, आणि ही सत्रे प्रत्यक्ष सुरुवातीच्या दोन-तीन दिवस आधी व्हावीत, कारण महिनाभर आधी शिकलेले वापराविना विसरले जाते. प्रत्येक गटात एक मदतनीस साथी नेमावा. तो तंत्रज्ञानात हुशार असण्यापेक्षा ज्याला विचारताना संकोच वाटत नाही असा असावा, आणि या कामासाठी त्याच्या वेळापत्रकातून रीतसर वेळ काढून द्यावा. ज्येष्ठ सहकाऱ्यांना चारचौघांत अडखळण्याची लाज वाटते, म्हणून त्यांच्यासाठी एकेकट्याने बसून शिकण्याची सोय कोणतीही वाच्यता न करता ठेवावी.

पायरी ९: जुनी वाट जाहीर तारखेला बंद करा

नव्या विहिरीला कितीही पाणी असले तरी जुना पाणवठा सुरू आहे तोवर पायवाट तिकडेच जाते. दोन्ही प्रणाली ‘काही काळ’ सोबत चालू ठेवण्याचा निर्णय समंजस वाटतो, पण त्यामुळे प्रत्येकाला दोन ठिकाणी लक्ष ठेवावे लागते, आणि ही दुहेरी मेहनतच नव्या प्रणालीविषयी नाराजी निर्माण करते. म्हणून विभागनिहाय तारीख ठरवून ती किमान महिनाभर आधी सांगावी. त्या दिवसापासून जुने सामायिक फोल्डर आणि जुने गट फक्त वाचण्यापुरते उघडे राहतील, त्यात नवी भर टाकता येणार नाही. वर्षअखेरीचे हिशेब, लेखापरीक्षण किंवा मोठ्या मुदतीचा काळ या तारखेसाठी टाळावा.

जुना सगळा साठा नव्या जागी हलवण्याचा मोह आवरावा. चालू कामांच्या फाइली आणि वारंवार लागणारे नमुने तेवढे न्यावेत. बाकीचे जुन्या जागीच वाचनापुरते राहू द्यावे, आणि ज्याला जे लागेल ते त्याने त्या वेळी आणावे. पहिल्या आठवड्यात अपवादांच्या मागण्या येतील. काही रास्त असतील, आणि त्यांना अंतिम तारीख घालूनच मंजुरी द्यावी.

पायरी १०: काय मोजायचे, आणि पुढची देखभाल

लॉगिनची किंवा संदेशांची संख्या मोजून समाधान मानू नये. लोक भरपूर बोलत आहेत एवढेच त्यातून कळते. पहिल्या पायरीत ज्या प्रकारच्या कामांचा माग काढला होता, त्याच प्रकारच्या ताज्या कामांचा माग तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा काढावा: मंजुरीला आता किती दिवस लागतात, किती प्रती तयार होतात, अंतिम प्रत कुठे आहे हे सर्वांना ठाऊक आहे का, आणि रजेवर गेलेल्याचे काम दुसऱ्याला विनासायास उचलता येते का. सोबत, खुल्या चॅनेलच्या तुलनेत खासगी संदेशांचे प्रमाण वाढते आहे का, हे व्यक्तींची नावे न पाहता एकत्रित आकड्यांत तपासावे. ते वाढत असेल तर खुलेपणाने लिहिण्याची भीती कुठेतरी आहे असे समजावे. एखाद्याच्या कच्च्या मसुद्यावर चॅनेलमध्ये जाहीर ताशेरे ओढले गेले असण्याची शक्यता मोठी असते.

देखभालीसाठी एका व्यक्तीवर कायमची जबाबदारी हवी, कारण प्रकल्प संपला म्हणून चमू विसर्जित झाला की वर्षभरात ओस पडलेल्या चॅनेलचा ढीग साचतो. तिमाहीतून एकदा निष्क्रिय चॅनेल संग्रहित करावीत, पाहुण्या सदस्यांची यादी तपासावी आणि एकपानी करारात अनुभवानुसार फेरबदल करावेत. नव्या कर्मचाऱ्याला तो करार पहिल्याच दिवशी साथीने समजावून द्यावा.

बाहेर पडण्याची तयारीही याच देखभालीचा भाग आहे. अटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीने हिपचॅट आणि स्ट्राइड ही आपली गटसंवादाची दोन्ही उत्पादने २०१८ मध्ये स्लॅक या प्रतिस्पर्धी कंपनीकडे सोपवली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती बंद झाली. मेटानेही मे २०२४ मध्ये संस्थांतर्गत संवादासाठीचे आपले ‘वर्कप्लेस’ बंद करण्याचे जाहीर केले. म्हणून करार करतानाच संदेश, फाइली आणि सदस्ययाद्या कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येतील हे लेखी घ्यावे, वर्षातून एकदा ती निर्यात प्रत्यक्ष करून पाहावी, आणि मिळालेली फाइल विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडते का ते तपासावे.